निर्हेतुक ‘ध’चा ‘मा’

इ. स. १७७३ मध्यें शनिवारवाड्यांत नारायणराव पेशव्यांचा खून झाला. त्यांना धरण्याविषयींच्या पत्रांत आनंदीबाईनें एक अक्षर बदललें आणि ‘धरावें’चें ‘मारावें’ झालें, ही आख्यायिका महाराष्ट्रांत घरोघर सांगितली जाते. ती कितपत खरी, हा वाद इतिहासकारांनीं करावा. भाषेनें तिचा निकाल केव्हांच लावून टाकला आहे. आपण ‘ध’चा ‘मा’ असें म्हणतों तेव्हां दोन गोष्टी गृहीत धरतों. लेखांत फेरफार झाला, ही एक. आणि तो कोणीतरी हेतुपुरःसर केला, ही दुसरी. ह्यांतील दुसरी गोष्ट मुळांतच नसली तर काय म्हणावयाचें? फेरफार झाला, अर्थ फिरला, परिणाम घडला, आणि हेतु मात्र कोणाचाच नव्हता, अशा ‘ध’च्या ‘मा’चा दोष कोणाच्या माथीं मारावा?

प्रश्न काल्पनिक नाहीं. जगांतील बहुतेक प्रयोगशाळांतून आज जीं मोजमापें होतात, तीं कधीं ना कधीं ‘स्प्रेडशीट’ नांवाच्या संगणकीय तक्त्यांत उतरतात. आडव्या ओळी, उभे रकाने, त्यांच्या छेदांनीं झालेलीं लहान लहान घरें, आणि प्रत्येक घरांत एक आंकडा किंवा एक नांव, असें त्याचें रूप असतें. त्यांतील सर्वांत प्रसिद्ध तक्ता म्हणजे मायक्रोसॉफ्ट कंपनीचा ‘एक्सेल’. कचेरींतील कारकुनापासून विद्यापीठांतील आचार्यांपर्यंत सर्वांना तो परिचित आहे, आणि परिचित वस्तूविषयीं आपण सहसा शंका घेत नाहीं.

ह्या तक्त्याला एक खोड आहे. आपण काय लिहिलें ह्यापेक्षां आपल्याला काय लिहावयाचें असावें, ह्याचाच तो अधिक विचार करतो. मनुष्याच्या शरीरांतील प्रत्येक जनुकाला शास्त्रज्ञांनीं एक आंखूड संकेतनाम दिलेलें आहे. ‘सेप्टिन’ नांवाच्या प्रथिनांचें एक कुल आहे. एका पेशीच्या दोन पेशी होतांना मधें जो पडदा पडतो, त्यावरून हें नांव आलें. त्या कुलांतील दुसऱ्या जनुकाचें संकेतनाम अलीकडेपर्यंत ‘सेप्ट २’ असें होतें. तें नांव संशोधकानें तक्त्याच्या घरांत लिहिलें, कीं ह्या गृहस्थाला सप्टेंबरची दुसरी तारीख अभिप्रेत आहे असा तर्क यंत्र करतें आणि कोणालाहि न विचारतां तेथें ‘२ सप्टेंबर’ असें लिहून मोकळें होतें. एवढ्यावर थांबतें तरी बरें. तारीख हें त्याचें बाहेरचें सोंग असतें. पोटांत तें १९०० सालापासून मोजलेल्या दिवसांची संख्या सांठवतें, आणि कोणतें वर्ष हें सांगितलेलें नसल्यामुळें चालू वर्ष पदरचें घालतें. मागाहून चूक ध्यानांत येऊन ‘ही तारीख नव्हे, हीं साधीं अक्षरें आहेत’ असें कोणी यंत्राला बजावलें, तर त्याच्या हातीं पडतो एक पांच आंकडी आंकडा. मूळ नांव गेलें तें गेलेंच.

अन्ननलिकेच्या कर्करोगांत जें जनुक लुप्त झालेलें आढळलें आणि त्या लुप्त होण्यावरूनच ज्याला ‘डेक १’ असें म्हणत, तें ह्याच रीतीनें ‘१ डिसेंबर’ होऊन बसे. ‘मार्च १’ आणि ‘मार्क १’ हीं दोन भिन्न जनुकें. रोमन लिपींत त्यांच्या नांवांत एकाच अक्षराचा फरक. यंत्र दोघांनाहि ‘१ मार्च’ करी. जपानमधील ‘रिकेन’ ह्या विख्यात संस्थेनें आपल्या नमुन्यांना दिलेल्या क्रमांकांत आंकड्यांच्या मधेंच कधीं कधीं रोमन ‘ई’ हें अक्षर येई. २३१०००९ नंतर ‘ई’ आणि पुढें १३, अशा एका क्रमांकाचा अर्थ यंत्रानें असा लावला, कीं २३१०००९ वर तेरा शून्यें द्यावयाचीं आहेत. नमुन्याची ओळख पुसली गेली आणि तिच्या जागीं परार्धांच्या घरांतली एक संख्या येऊन बसली!

ही हकीकत झीबर्ग व त्यांचे सहकारी ह्यांनीं २००४ सालींच प्रसिद्ध केली होती. म्हणजे इशारा वेळेवर मिळाला होता. पुढें २०१६ सालीं झीमन, एरेन व एल-ओस्टा ह्या तिघांनीं २००५ ते २०१५ ह्या काळांतील ३५९७ निबंधांना जोडलेले तक्ते तपासले, तेव्हां सुमारें एक पंचमांश निबंधांच्या याद्यांत हा दोष आढळला. इतका गाजावाजा झाल्यावर तरी सुधारणा व्हावी कीं नाहीं? २०२१ सालीं पुन्हां मोठी तपासणी झाली, आणि प्रमाण शेंकडा जवळजवळ ३१ निघालें. हे निबंध कोणा ऐऱ्यागैऱ्याचे नव्हते. ते लिहिणारांनीं वाचले, परीक्षकांनीं तपासले, संपादकांनीं मान्य केले होते. जनुकांच्या यादींत सप्टेंबर महिना आलेला एवढ्या डोळ्यांतून निसटला, ह्याचें एकच कारण संभवतें: ती यादी कोणी वाचलीच नाहीं.

जुन्या काळच्या नकलनविसाची आपण ‘मक्षिकास्थानीं मक्षिका’ म्हणून थट्टा करतों. मूळ पोथींत माशी चिकटून मेली होती, म्हणून ह्या पठ्ठ्यानें नकलेंतहि त्याच जागीं एक माशी मारून चिकटवली. ह्या गोष्टीला आपण हंसतों. परंतु ह्या मूर्खपणांत एक सद्गुण दडलेला आहे, तो आपल्या लक्षांत येत नाहीं. त्या नकलेवरून मुळांत काय होतें, हें पुढच्या वाचकाला कळूं शकतें. आपल्याला न समजलेली वस्तु आपल्या समजुतीप्रमाणें सुधारण्याचा अधिकार नकलनविसानें स्वतःकडे घेतला नाहीं. यंत्र मूर्ख असतें तर परवडलें असतें. तें अर्धवट शहाणें आहे, आणि अर्धवट शहाण्या कारकुनाइतका कचेरीला दुसरा शत्रु नाहीं.

येथें कोणी म्हणेल, कीं यंत्राला कसले आले आहेत पापपुण्य? खोटें बोलण्याला हेतु लागतो. हेतु नाहीं तेथें लबाडी नाहीं, लबाडी नाहीं तेथें नीतीचा प्रश्न नाहीं. फार तर गैरसोय झाली असें म्हणा. हा युक्तिवाद आम्हांला पटत नाहीं. खोटें बोलणें निराळें आणि लेख खोटा होऊं देणें निराळें, हें खरें. परंतु साक्षीदाराचें कर्तव्य खोटें न बोलण्यापाशीं संपत नाहीं. आपली साक्ष बिघडूं न देण्याचीहि जबाबदारी त्याच्यावर असते. शास्त्रज्ञ हा सृष्टीच्या बाजूनें बोलणारा साक्षीदार आहे. त्यानें जें पाहिलें तें दुसऱ्या कोणीं पाहिलेलें नसतें. पुष्कळदां तें पुन्हां पाहतांहि येत नाहीं. आपल्या साक्षीचा कागद त्यानें कोणाच्या हवालीं केला, आणि परत हातीं आल्यावर तो वाचून पाहिला कीं नाहीं, हे प्रश्न सोयीगैरसोयीचे नसून नीतीचे आहेत.

हा तक्ता जन्मला कोठें, हेंहि लक्षांत घेण्याजोगें आहे. १९७९ सालीं डॅन ब्रिकलिन व बॉब फ्रँक्स्टन ह्या दोघां अमेरिकन तरुणांनीं ‘व्हिसिकॅल्क’ ह्या नांवानें घरगुती संगणकाकरितां असा पहिला तक्ता बाजारांत आणला. ब्रिकलिन हा त्या वेळीं हार्वर्डमध्यें व्यापारशिक्षण घेत होता. एका घरांतील आंकडा बदलला, कीं त्यावर अवलंबून असलेले सारे आंकडे आपोआप बदलतात, ही त्यांतली जादू. व्यापाऱ्याला हें वरदानच वाटलें. कच्च्या मालाचा भाव दोन टक्के चढला तर नफा किती राहील, हें क्षणांत दिसूं लागलें. परंतु व्यापाऱ्याच्या ह्या तक्त्यांतील आंकडा बहुधा ‘असें झालें तर’ ह्या जातीचा असतो. शास्त्रज्ञाचा आंकडा ‘असें झालें’ ह्या जातीचा. पहिला बदलण्यासाठींच लिहिलेला असतो. दुसरा एकदां लिहिल्यावर त्याला हात लावतांना मनुष्यानें दहादां विचार करावा. पहिल्यासाठीं घडवलेलें हत्यार दुसऱ्यासाठीं वापरूं लागलों, ह्यांत ह्या अनर्थाचें मूळ आहे.

आणि व्यापाऱ्याला तरी आपण कमी लेखूं नये. आपल्याकडील पेढ्यांवर रोजकीर्द वेगळी आणि खतावणी वेगळी असे. ज्या क्रमानें व्यवहार घडले त्या क्रमानें ते रोजकीर्दींत पडावयाचे. मग त्यांवरून ज्याचें त्याचें खातें खतावणींत उभें राहावयाचें. खतावणी चुकली तर रोजकीर्दीवरून ती पुन्हां करतां येई. रोजकीर्दींत चूक झाली तर खाडाखोड दिसे, आणि खाडाखोड दिसणें हाच वहीच्या खरेपणाचा पुरावा असे. संगणकाच्या तक्त्यांत रोजकीर्द, खतावणी आणि कच्चा खर्डा हीं तिन्ही एकाच कागदावर नांदतात. आंकड्यावर आंकडा लिहिला तर खालचा दिसेनासा होतो, आणि फाइल मिटून ठेवली कीं तेथें दुसरा कांहीं आंकडा होता ह्याची खूणहि बहुधा उरत नाहीं. एक रकाना क्रमवार लावला आणि शेजारचा लावावयाचा राहिला, तर रामाचें वजन गोविंदाच्या नांवावर जातें. तक्ता मात्र पूर्वींइतकाच नीटनेटका दिसतो. रिकाम्या घराचा अर्थ काय? मोजलें आणि शून्य आलें, मोजलेंच नाहीं, कीं मोजलें पण लिहावयाचें राहिलें? ज्यानें तें घर रिकामें ठेवलें, तो नोकरी सोडून गेल्यावर हें कोण सांगणार? तारखांचा घोळ तर विचारूंच नये. ३/४ हें आपल्याला तीन एप्रिल, आणि अमेरिकेंतील मनुष्याला चार मार्च. त्यांतून १९०० हें लीप वर्ष नसतांना ‘लोटस’ नांवाच्या जुन्या तक्त्यानें तें लीप धरलें, आणि त्याच्या फाइली आपल्याकडेहि चालाव्या म्हणून एक्सेलनें ती चूक जाणूनबुजून पुढें चालविली! चुकीलाहि वारस मिळतो तो असा.

ह्या गोष्टी प्रयोगशाळेच्या चार भिंतींत राहत्या तर एवढा विस्तार करण्याचें कारण नव्हतें. २०१० सालीं राइनहार्ट व रोगॉफ ह्या नामांकित अर्थशास्त्रज्ञांनीं असें प्रतिपादन केलें, कीं राष्ट्राचें कर्ज त्याच्या वार्षिक उत्पन्नाच्या शेंकडा ९० च्या वर गेलें म्हणजे त्याची वाढ खुंटते. अशा राष्ट्रांची सरासरी वाढ त्यांनीं उणें ०.१ टक्का अशी काढली होती. युरोप-अमेरिकेंत सरकारी खर्चाला कात्री लावूं पाहणाऱ्या मुत्सद्द्यांनीं हा निबंध शिरोधार्य मानला. २०१३ सालीं मॅसॅच्युसेट्स विद्यापीठांतील थॉमस हर्नडन ह्या विद्यार्थ्यानें अभ्यासाचा भाग म्हणून तें गणित पुन्हां करून पाहिलें, तें जुळेना. म्हणून त्यानें मूळ तक्ता मागविला. पाहतो तों सरासरीचें सूत्र वीस राष्ट्रांवरून जावयाचें तें पंधरांवरच थांबलेलें. ऑस्ट्रेलिया, ऑस्ट्रिया, बेल्जियम, कॅनडा व डेन्मार्क हीं पांच राष्ट्रें सूत्राबाहेर राहिलीं होतीं. त्यानें व त्याच्या दोघां अध्यापकांनीं सारें दुरुस्त करून काढलेली सरासरी २.२ टक्के आली. न्यायासाठीं हें सांगितलें पाहिजे, कीं ह्या फरकांत सूत्राच्या चुकीचा वांटा लहान होता. मोठा वांटा कोणतीं वर्षें धरावीं आणि कोणाला किती वजन द्यावें ह्या निवडीचा होता, आणि मूळ लेखकांनीं सूत्राची चूक कबूल करूनहि आपला एकंदर निष्कर्ष सोडला नाहीं.

पण आम्हांला ह्या प्रकरणांतील दुसरीच गोष्ट महत्त्वाची वाटते. एका अपरिचित विद्यार्थ्यानें मागतांच त्या दोघांनीं आपला तक्ता देऊन टाकला. आपले व्यापारी हिशेबाच्या तळाशीं ‘चूकभूल द्यावी घ्यावी’ असें लिहीत. तें नुसतें विनयाचें वाक्य नव्हे, तो करार आहे: तुम्ही चूक दाखवा, आम्ही वही उघडतों. हार्वर्डच्या पंडितांनीं वही उघडली, म्हणून चूक सांपडली. ज्यांनीं उघडली नाहीं त्यांच्या चुका अजून शाबूत आहेत आणि त्यांची कीर्तिहि.

इंग्लंडांत २०२० सालीं करोनाच्या सांथींत जें घडलें तें ह्याहून दुःखद होतें. निरनिराळ्या प्रयोगशाळांतून येणारे निकाल ‘पब्लिक हेल्थ इंग्लंड’ ही तेव्हांची सरकारी संस्था एक्सेलच्या जुन्या प्रकारच्या फाइलींत भरीत असे. त्या प्रकारांत ६५,५३६ पेक्षां अधिक ओळी मावत नाहींत, आणि एकेका रोग्याच्या निकालाला अनेक ओळी लागत. पात्र भरलें, पुढचें पाणी सांडून गेलें, आणि सांडल्याचा आवाज झाला नाहीं. २५ सप्टेंबर ते २ ऑक्टोबर ह्या आठवड्यांतील १५,८४१ रोगी गणतींतून असे गळाले. त्यांना स्वतःला आपला निकाल कळला होता. परंतु त्यांच्या सहवासांत आलेल्या लोकांना शोधून सावध करणारांपर्यंत त्यांचीं नांवें वेळेवर पोंचलीं नाहींत. त्या दिवसांत कित्येक माणसें निर्धास्तपणें कामावर गेलीं असतील, म्हाताऱ्या आईबापांना भेटलीं असतील. खोटें कोणीच बोललें नव्हतें. दोषी शोधूं गेलें तर प्रत्येकजण आपापलें काम करीत होता!

ड्यूक विद्यापीठाचें प्रकरण ह्याच्याहि पुढचें आहे. अर्बुदांतील जनुकांच्या हालचालीवरून कोणत्या रोग्याला कोणतें औषध लागू पडेल हें आधींच सांगतां येतें, असा दावा तेथून २००६ सालीं करण्यांत आला, आणि त्याच्या भरंवशावर कर्करोगाच्या रोग्यांवर चांचणी-उपचारहि सुरू झाले. ह्यूस्टन येथील बॅगर्ली व कूम्स ह्या दोघां संख्याशास्त्रज्ञांनीं तें गणित चिकाटीनें उकललें, तेव्हां जनुकांची यादी सबंध एका ओळीनें खालींवर सरकलेली आढळली. कांहीं ठिकाणीं ‘औषध लागू पडतें’ आणि ‘लागू पडत नाहीं’ ह्या खुणाच उलटसुलट झालेल्या होत्या. त्यांनीं २००९ सालीं हें सविस्तर छापलें. पुढें चांचण्या थांबल्या, निबंध मागें घेण्यांत आला, आणि २०१५ सालीं अमेरिकन सरकारच्या चौकशीखात्यानें त्या संशोधनांत खोटी माहिती वापरली गेल्याचा निर्णय दिला. म्हणजे हें प्रकरण नुसत्या हातचुकीचें नव्हतें. परंतु आरंभीं तें हातचुकीसारखेंच दिसलें, आणि वर्षानुवर्षें तसेंच दिसूं शकलें. ओळ सरकली कीं सरकविली, हें तक्त्याकडे पाहून ओळखतां येत नाहीं. ज्या वहींत चुकीचा माग राहत नाहीं, तींत लबाडाला लपावयाला जागा मिळते, आणि प्रामाणिक मनुष्याला आपला प्रामाणिकपणा सिद्ध करण्याचें साधन उरत नाहीं.

मग हे तक्ते टाकूनच द्यावे काय? असा सल्ला देणारे तज्ज्ञ आहेत. स्वतः आज्ञावली लिहून गणित करावें, तींतील प्रत्येक पाऊल दुसऱ्याला वाचतां येतें, असें ते म्हणतात, आणि तें खरेंहि आहे. परंतु ज्या महाविद्यालयांत एका जुन्या संगणकावर वीस विद्यार्थ्यांना काम करावें लागतें, तेथील अध्यापकाला हा उपदेश करणें म्हणजे पायीं चालणाऱ्याला घोड्याचीं लक्षणें सांगण्यासारखें आहे. ह्या स्वस्त, सुलभ तक्त्यानें लाखों लोकांच्या हातीं हिशेबाची शक्ति दिली, हा त्याचा उपकार आम्ही विसरत नाहीं. ब्रोमन व वू ह्यांचा २०१८ सालचा एक निबंध ह्या बाबतींत आम्हांला फार समंजस वाटतो. तक्ता वापराच, पण त्याला रोजकीर्दच राहूं द्या, असें त्याचें तात्पर्य आमच्या भाषेंत सांगतां येईल: एका घरांत एकच गोष्ट लिहावी, घर रिकामें सोडूं नये, नुसत्या रंगानें अर्थ दाखवूं नये, तारीख आधीं वर्ष, मग महिना, मग दिवस अशी लिहावी, आणि मूळ आंकड्यांच्या फाइलींत बेरीज-वजाबाकी करूं नये. ह्यांत असें कांहींच नाहीं, जें एखाद्या चांगल्या मुनिमाला सांगावें लागलें असतें.

शास्त्रज्ञांच्या पंचायतीनें मात्र निराळा मार्ग धरला. मानवी जनुकांचीं नांवें ठरविणाऱ्या समितीनें २०२० सालीं नवे नियम प्रसिद्ध केले आणि सत्तावीस जनुकांचीं नांवेंच बदलून टाकलीं. ‘सेप्ट’चें ‘सेप्टिन’ झालें, ‘मार्च’ला एक अक्षर अधिक मिळालें, ‘डेक १’ हें ‘डेलेक १’ झालें. पुष्कळांनीं ह्याला शरणागति म्हटलें. यंत्राला मनुष्याची भाषा शिकवावयाची कीं मनुष्यानें यंत्राला रुचेल असें बोलावयाचें, हा त्यांचा प्रश्न वाजवी आहे. आम्हांला विचाराल तर समितीनें केलें तें शहाणपणाचें केलें. नांव हें व्यवहारासाठीं असतें, आणि जें व्यवहारांत टिकत नाहीं तें बदलण्यांत कमीपणा नाहीं. फक्त ह्या शहाणपणाची किंमत कोण देतो, तें विसरूं नये. जुन्या नांवांनीं लिहिलेले निबंध ग्रंथालयांतून आहेत तसेच राहिले आहेत. नव्या विद्यार्थ्याला दोन्ही नांवें पाठ करावीं लागतात. यंत्राची खोड यंत्र बनविणारांनीं पूर्वींच काढली असती, तर हा कर कोणालाच भरावा लागला नसता.

ती खोड घालविण्याची सोय मायक्रोसॉफ्टनें अखेर २०२३ सालीं करून दिली. आपण होऊन तारखा करूं नको, असें आतां एक्सेलला सांगतां येतें. सांगावें मात्र आपणच लागतें, आणि त्याकरितां अशी सोय आहे हें आधीं ठाऊक असावें लागतें. मागील वीस वर्षांत निबंधांना जोडलेल्या फाइलींना तर तिचा कांहींच उपयोग नाहीं. त्या अजून आहेत तेथेंच आहेत. कोणी ना कोणी त्यांवरून पुढचें संशोधन करीतच असतो. त्यांतल्या एखाद्या यादींत ‘१ मार्च’ हें दोनदां आलेलें असतें, आणि त्या दोहोंपैकीं ‘मार्च’ कोणतें व ‘मार्क’ कोणतें हें कळावयास एकच वाट उरते: ज्यानें तो प्रयोग केला त्याला पत्र लिहून विचारावें, आणि त्याची शाईनें लिहिलेली वही अजून कोठें जपून ठेवलेली असेल अशी आशा करावी.